शस्त्र ‘बाळगणे’ आणि शस्त्र ‘चालविणे’ : हत्यारांच्या कायद्याच्या इतिहासाचा एक शब्दार्थविचार

सण, निवडणुका अथवा मोर्चे जवळ आले की महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत एक मनाई हुकूम ठराविक भाषेत प्रसिद्ध होतो. १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली निघणाऱ्या या हुकुमात तलवारी, भाले, बंदुका, सुरे, सोटे, लाठ्या अशी लांबलचक यादी असते, आणि या वस्तू ‘जवळ बाळगण्यास’ काही दिवसांपुरती बंदी घातलेली असते. वाचक यादी नजरेखालून घालतो. क्रियापदाकडे त्याचे लक्ष जात नाही. प्रस्तुत निबंधात विचार करावयाचा आहे तो त्या क्रियापदाचा, आणि त्याच्या आश्रयाने या देशातील हत्यारांच्या कायद्याच्या इतिहासाचा. जो मनुष्य आत्मरक्षणाकरिता शस्त्र जवळ ठेवतो, पण ते चालविण्याची ज्याला मुळीच हौस नाही, अशा मनुष्यास कायद्याने कसे ओळखले, किंबहुना ओळखले की नाही, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

‘बाळगणे’ या क्रियापदाची कर्मे पाहण्यासारखी आहेत. आपण शस्त्र बाळगतो, पैसा बाळगतो, कुत्रा बाळगतो. त्याचप्रमाणे भीती, सावधगिरी, वैर, अभिमान, संयम आणि मौनही बाळगतो. या मूर्त व अमूर्त कर्मांना जोडणारा धागा असा की, बाळगलेली वस्तू माणसापाशी दीर्घकाळ राहते, तिची काही निगा राखली जाते, आणि ती खर्ची पडत नाही. पैसा बाळगला म्हणजे तो अद्याप खर्चिला नाही. वैर बाळगले म्हणजे त्याचा सूड अद्याप उगवला नाही. वाक्यरचनेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट दिसून येते. ‘त्याने दरोडेखोरावर बंदूक झाडली’, ‘रोखली’, ‘चालविली’ ही वाक्ये निर्दोष आहेत; परंतु ‘त्याने दरोडेखोरावर बंदूक बाळगली’ असे मराठी बोलणारे लहान मूलदेखील म्हणणार नाही. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय ‘बाळगणे’ सहन करीत नाही. या क्रियापदास कर्ता आहे आणि कर्म आहे. लक्ष्य मात्र नाही.

बाळगणे आणि चालविणे यांच्या दरम्यान तलवारीच्या काळातील भाषेने बऱ्याच पायऱ्या करून ठेविल्या होत्या. तलवार उपसता येते, परजता येते, उगारता येते, आणि इतके सर्व होऊनही पुन्हा म्यान करता येते. बंदुकीच्या वाट्याला या पायऱ्या फारशा आल्या नाहीत. घोडा चढविणे आणि बंदूक रोखणे एवढ्या दोनच काय त्या. नंतर चापावरील बोट. यांपैकी ‘रोखणे’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. बंदूक रोखणे म्हणजे नेम धरणे, आणि माणसाला रोखणे म्हणजे त्याला थांबविणे. एकच धातू दोन्ही कामे करतो. ज्याला बंदूक झाडावयाची नाही परंतु समोरच्यास थांबवावयाचे आहे, त्याची सारी भिस्त या दोन अर्थांच्या एकत्र असण्यावर असते. जाता जाता हेही नमूद करावयास हरकत नाही की, ‘हत्यार’ या शब्दाचा ‘हत्ये’शी काही संबंध नाही, तो संबंध ‘हाता’शी आहे. सुताराचा पटाशी-रंधा हीही हत्यारेच. खंडेनवमीस शिपाई तलवार पुजतो आणि कारागीर आपली अवजारे पुजतो, यात दोघांचीही भाषिक भूमिका एकच आहे.

आता कायद्याकडे वळू. मेकॉले याच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १८३७ साली भारतीय दंडसंहितेचा मसुदा सादर केला. त्याला जोडलेल्या टिपणांत आत्मरक्षणाच्या हक्काविषयी जो विचार आहे तो आजही वाचकास चकित करतो. या देशातील लोक दरोडेखोरांचा व दांडगाई करणाऱ्यांचा जुलूम निमूटपणे सोसतात, म्हणून त्यांच्या आत्मरक्षणाच्या हक्कावर निर्बंध वाढवीत बसण्यापेक्षा त्यांच्या अंगची मर्दुमकी जागृत करणेच इष्ट, असा त्याचा आशय आहे. हा मसुदा बदल होऊन १८६० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्यातील ९६ ते १०६ ही कलमे आत्मरक्षणाची. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली तेव्हा हीच कलमे ३४ ते ४४ या क्रमांकांनी, फारसा फरक न होता, तिच्यात उतरली.

या कलमांत उभे राहिलेले मनुष्यचित्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. सरकारी अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा हक्क त्याला नाही. संरक्षणास आवश्यक तेवढ्यापलीकडे इजा त्याने करावयाची नाही. धोक्याची रास्त भीती उत्पन्न होताक्षणी हक्क सुरू होतो, मग प्रत्यक्ष गुन्हा घडलेला नसला तरी चालेल. आणि भीती संपताक्षणी हक्कही संपतो. मृत्यूची वा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, रात्रीचे घरफोडीचे कृत्य, अशा मोजक्याच प्रसंगी प्रतिकार प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो. २०१३ साली अम्लहल्ल्याची त्यात भर पडली. सारांश, दंडसंहितेला जो मनुष्य अभिप्रेत आहे तो भित्रा नाही आणि आक्रमकही नाही. तो वाट पाहतो, मोजून हात उचलतो, आणि शत्रू पाठमोरा होताच हात खाली घेतो. शस्त्र बाळगणाऱ्या संयमी माणसाचे याहून नेटके वर्णन त्या काळच्या कोणत्याही कायद्यात क्वचितच सापडेल.

परंतु या माणसाच्या हातात काय असावयाचे? येथेच इतिहास आपल्याशी वाकडा वागला आहे. १८५७ च्या उठावाच्या ऐन धामधुमीत हत्यारांविषयीचा कायदा झाला, १८६० साली दुसरा झाला, आणि १८७८ साली लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत ‘इंडियन आर्म्स ॲक्ट’ या नावाने अकरावा कायदा संमत झाला. परवान्यावाचून बंदूक ताब्यात ठेवणे गुन्हा ठरलेच. त्याखेरीज १३ व्या कलमाने परवान्यावाचून सशस्त्र ‘हिंडण्यास’ बंदी झाली. युरोपियन, अँग्लो-इंडियन आदी लोकांस नियमांनी सूट होती. कायदा रंगावर बेतला होता हे उघडच आहे, आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. १८६० च्या संहितेने हिंदी माणसास सांगितले होते की, प्रसंग पडल्यास तू चालविण्यास मुखत्यार आहेस. १८७८ च्या कायद्याने त्याला सांगितले की, तू बाळगण्यास मुखत्यार नाहीस. क्रियापदांची ही उलटापालट अठरा वर्षांच्या आत झाली.

१३ व्या कलमातील ‘सशस्त्र हिंडणे’ हा प्रयोग मूळचा इंग्लंडमधील आहे. तिसऱ्या एडवर्डच्या राज्यात १३२८ साली नॉर्दॅम्प्टन येथे झालेल्या कायद्याने दिवसा वा रात्री सशस्त्र हिंडण्यास मनाई केली होती. पुढे १६८६ साली सर जॉन नाईट याच्यावर ब्रिस्टॉल येथील वर्तनाबद्दल याच कायद्याखाली खटला झाला व तो निर्दोष सुटला. राजाच्या प्रजाजनांस दहशत बसविण्याचा हेतू असल्याशिवाय नुसते सशस्त्र असणे हा गुन्हा होत नाही, असा अर्थ त्या खटल्यावरून काहींनी काढला आहे, तर इतरांस तो मान्य नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२२ साली न्यूयॉर्कच्या परवानापद्धतीविषयीचा निकाल झाला तेव्हाही या जुन्या खटल्याची उलटसुलट चर्चा झाली. वाद काहीही असो, इंग्रजी परंपरेत हेतूचा प्रश्न निदान उपस्थित तरी होत असे. हिंदुस्थानात आणताना तो वाटेतच गळाला. १८७८ च्या १३ व्या कलमात दहशतीचा वा हेतूचा उल्लेख नाही. हत्यार अंगावर असणे हेच पुरेसे.

याच वर्षी लिटनने देशी वृत्तपत्रांचाही कायदा केला होता. तो रिपनच्या कारकीर्दीत १८८२ साली रद्द झाला. हत्यारांचा कायदा मात्र चौऱ्याऐंशी वर्षे टिकला. १८७९ च्या प्रारंभी वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह जे बंड उभारले ते या कायद्यानंतर वर्षभरातच. आणि दुष्काळाने नागवलेल्या दख्खनमध्ये सरकारास हत्यारांची धास्ती का वाटावी हे त्यावरून कळते. म्हणून सरकारची भीती अगदी निराधार होती असे म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की, त्या भीतीपोटी बाळगणाऱ्या प्रत्येकास उद्याचा चालविणारा मानले गेले.

या नियमास एक ठळक अपवाद झाला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अतिशय उद्बोधक आहे. तो कोडगूचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतील कूर्गचा. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील हे डोंगरी राज्य १८३४ साली कंपनी सरकारने खालसा केले. १८३७ मध्ये त्या बाजूस बंड झाले तेव्हा कोडव पुढाऱ्यांपैकी काहींनी सरकारास साहाय्य केले, आणि १८५७ मध्येही हा प्रदेश शांत राहिला. १८६१ च्या फेब्रुवारीत म्हैसूरचा कमिशनर मार्क कबन याने जाहीर केले की, निःशस्त्रीकरणाचा कायदा कूर्गच्या लोकांस लागू नाही. पुढे १८७८ चा कायदा आला, १९५९ चा आला, तरी ही सूट चालत राहिली. कोडव वंशाच्या व्यक्ती आणि ‘जम्मा’ जमिनीचे धारक असे तिचे दोन लाभार्थी. जम्मा हा लष्करी चाकरीशी जोडलेला वंशपरंपरागत जमीनधाऱ्याचा प्रकार आहे. केंद्र सरकारने २०१९ च्या ऑक्टोबरात ही सूट आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत, वाढविली. तिच्या वैधतेस दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळले.

कोडगूत बंदुकीचे काय होते? भाद्रपदाच्या सुमारास, भाताची लावणी आटोपल्यावर, तेथे ‘कैलपोद्’ नावाचा सण होतो. ‘कैल्’ म्हणजे हत्यारे, आणि येथेही त्यांत शेतीची अवजारे आली. आपल्या खंडेनवमीशी असलेले साम्य सहज लक्षात येईल. त्या दिवशी बंदुका पुसून मांडतात आणि त्यांना एक फूल वाहतात. कोडव भाषेत त्या फुलास ‘तोक् पू’ म्हणजे ‘बंदुकीचे फूल’ म्हणतात. आपण त्यालाच कळलावी म्हणतो. घरात मुलगा जन्मला की बंदुकीचा एक बार काढावयाचा, आणि मृत्यू झाला की दोन, अशीही तेथे रूढी आहे. गावकऱ्यांनी बार मोजावयाचे आणि काय घडले ते समजावयाचे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास याचे महत्त्व विशेष वाटते, कारण येथे बंदुकीचा आवाज हा एक संकेत झाला आहे. तो कोणावर झाडलेला नाही, तो कोणासाठी तरी काढलेला आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गांच्या धर्मजीवनावर १९५२ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच, आणि एमेनो यांनी १९३० नंतरच्या दशकात कोडव भाषेचे केलेले संशोधन आपल्या शाखेत मान्यता पावलेले आहे. तथापि बंदुकीभोवतीच्या या शब्दसंपत्तीचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

मात्र कोडगूच्या उदाहरणावरून घाईने निष्कर्ष काढता कामा नये. कबनने दिलेली सूट हा हक्क नव्हता, ते राजनिष्ठेचे बक्षीस होते. संयमाने बाळगणारे म्हणून कोडवांना सूट मिळाली नाही. सूट मिळाली म्हणून त्यांची बाळगण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या जगासमोर राहिली. तशीच रीत इतरत्रही असेल, पण तिचा दाखला राहण्याची सोयच कायद्याने ठेविली नाही.

राष्ट्रीय चळवळीने हा सल बराच काळ जपला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने हत्यारांचा कायदा सौम्य करण्याची मागणी केली. १९२० च्या नव्या नियमांनी वांशिक भेद काढून टाकण्यात आला. पण परवाना देणारा हात तोच राहिला. अहिंसेचे प्रणेते महात्मा गांधी यांनीही १९१८ साली सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याची गणना इंग्रजांच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली, ही गोष्ट पुष्कळांस अडचणीची वाटते. मला ती तशी वाटत नाही. ज्याच्या हाती शस्त्रच येऊ शकत नाही त्याने ते न चालविण्यात कसला संयम? बाळगण्याची मुभा असेल तरच न चालविण्यास अर्थ येतो, हा त्यामागील तर्क व्याकरणाइतका साधा आहे. १९३१ च्या कराची ठरावाच्या, त्याच वर्षी मुंबईस सुधारलेल्या मसुद्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातलेला होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामथ यांनी घटना समितीत तशी सुधारणा सुचविली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा सरसकट हक्क दिला तर तो सराईत गुन्हेगारांनाही पोहोचेल, हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. राज्यघटनेत शेवटी शस्त्राचा उल्लेख नागरिकांच्या हक्कांच्या संदर्भात दोन ठिकाणी उरला : एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राविना एकत्र जमण्याच्या हक्कात, आणि पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शीखांच्या कृपाणाबाबत. कृपाण धारण करणे व बरोबर वागविणे हा धर्माचरणाचा भाग मानला गेला. ते चालविण्याविषयी घटना अर्थातच काही बोलत नाही. बाळगणे व चालविणे यांची इतकी स्वच्छ फारकत आपल्या विधिग्रंथांत अन्यत्र माझ्या पाहण्यात नाही.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. परवान्याची पद्धत त्याने सोडली नाही, परंतु काही ठिकाणी भाषा बदलली. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे १४ व्या कलमात आले. संरक्षणासाठी ठराविक लांबीच्या नळीची साधी बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांची १३ व्या कलमात निराळी दखल घेतली गेली. शिक्षेच्या कलमांत तर मूळ अधिनियमाने एक फार चांगला भेद केला होता : परवान्याविना नुसते ताब्यात ठेवणे २५ व्या कलमात, आणि बेकायदा कामी वापरण्याच्या हेतूने ताब्यात ठेवणे २७ व्या कलमात. इंग्लंडहून येताना वाटेत गळालेला हेतू येथे परत आला होता. पण १९८८ च्या दुरुस्तीने २७ व्या कलमातील हेतूची ती मधली पायरी काढून तेथे प्रत्यक्ष वापर घातला. उपसणे, परजणे, उगारणे यांचे जे बंदुकीच्या बाबतीत झाले, तेच कायद्याच्या भाषेतही झाले म्हणावयाचे.

दंडसंहितेतील तो संयमी मनुष्य न्यायालयात मात्र अधूनमधून भेटतो. १९६२ साली जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी आत्मरक्षणाच्या मर्यादांचे विवेचन केले. जमिनीच्या वादातून बंदुका चालल्या होत्या. संकटात सापडलेल्या माणसाच्या कृतीचा निवाडा नंतर न्यायालयात शांतपणे बसून अलिप्त काट्याने करणे योग्य नव्हे, ही त्याची एक बाजू. आणि गावकरी पळू लागल्यावर भीतीचे कारण संपले, म्हणून त्यानंतरच्या गोळीबारास त्या हक्काचा आधार नाही, ही दुसरी. गजेंद्रगडकर हे सातारचे आणि संस्कृताचे व्यासंगी. कायद्यातील एखाद्या अव्ययावर अर्थ कसा तोलला जातो हे त्यांना सांगावे लागले नसेल.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, दक्षिण कोकणात, ओटीवरच्या खुंटीला ठासणीची एक बंदूक असे. परवाना शेतीसंरक्षणाचा होता. वर्षातून दोनदा आजोबा ती उतरवीत, नळी साफ करीत, गजाला फडके गुंडाळून तेल देत आणि पुन्हा टांगीत. डुकरे भातात उतरली की बार हवेत काढावयाचा, हा त्यांचा शिरस्ता. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमानंतर तर दुसरा मार्ग धोक्याचाच होता. ‘आम्ही बंदूक वापरतो’ असे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. ‘आमच्याकडे बंदूक आहे’ असे ते म्हणत. गावात कोणी अपरात्री कुंपणाशी आला तरी त्यांनी खुंटीकडे हात नेल्याचे कोणाला आठवत नाही, मात्र बंदूक आहे हे पंचक्रोशीत सर्वांस ठाऊक होते.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांस आपली हत्यारे ठाण्यात जमा करण्यास सांगितले जाते. कोणाकडून जमा करून घ्यावयाची हे छाननी करून ठरवावे, अशी अलीकडे अपेक्षा आहे. तरी सिंधुदुर्ग व रत्नागिरी या भागांतील शेतकरी दर वेळी तक्रार करतात की, नेमकी काजू-आंब्याच्या दिवसांत राखणीची बंदूक हातची जाते. तक्रार खरी आहे, आणि जमा करून घेणाऱ्याची काळजीही खरी आहे. कारण त्याच्यापुढील हुकुमात क्रियापद एकच असते. आजोबांची बंदूक एकदा अशीच नेण्यात आली होती. दोन महिने रात्री माकडांवर आणि डुकरांवर पत्र्याचा डबा वाजविण्यात गेले. निकालानंतर बंदूक परत आली तेव्हा आजोबांनी प्रथम पावती तपासली, मग नळीत डोकावून पाहिले, आणि आत गंज धरला आहे असे म्हणून तेलाची बाटली मागितली.